सरकारदरबारी दुसरी आई

यार्नोला बाप म्हणून रजा घ्यायची नव्हती, असं म्हटलं तर ते खोटं होईल. घ्यायची होती, असं म्हटलं तर ते त्याहून खोटं होईल. त्याला फक्त ती वाया जाऊ द्यायची नव्हती. फिनलंडात मूल झालं की सरकार रजेचे दोन वाटे करतं, एक आईचा आणि एक बापाचा, आणि बापाने आपला वाटा घेतला नाही तर त्यातला बराचसा बुडतो. आता जो माणूस कॉफीचा चोथा कुंडीत घालण्यासाठी बाल्कनीत वर्तमानपत्रावर वाळत घालतो, त्याच्या डोळ्यांदेखत अख्खी पगारी रजा बुडावी, हे त्याला कसं बघवणार?

त्यात ऑफिसात कुजबूज सुरू झाली होती. यार्नो औलू शहराच्या नगरपालिकेत नकाशा खात्यात होता. एके दिवशी साहेबांनी त्याला आत बोलावलं, दार लावून घेतलं, आणि फार नाजूक विषय काढावा तशा आवाजात विचारलं, "यार्नो, घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. का?"

"नाही, मुलगी नऊ महिन्यांची झाली, आणि तुझा रजेचा अर्ज अजून आला नाही. लोक बोलायला लागलेत."

लोक बोलायला लागलेत म्हणजे जेवणाच्या टेबलावर एकाने भुवई उचलली होती. पण नकाशा खात्यात एक भुवई म्हणजे मोर्चाच. यार्नोने त्याच दुपारी अर्ज भरला.

त्याची बायको पिल्वी बर्फ फोडणाऱ्या जहाजावर अधिकारी होती. तिची रजा संपत आली होती, आणि सरकारने आईबापांसाठी कितीही सोयी केल्या तरी समुद्रावर उन्हाळ्यात बर्फ काही धरवता येत नाही. फेब्रुवारीत तिला जायलाच हवं होतं. म्हणजे घरात राहणार होते दोघं: यार्नो आणि ताइमी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी यार्नोने कुणालाही सांगितली नव्हती. ताइमीला तो आवडत नसे. आंघोळ घालताना, भरवताना पिल्वी आसपास असली तर ती त्याला चालवून घेई. पण पिल्वी खोलीबाहेर गेली आणि यार्नोने तिला उचललं की ती आधी त्याच्याकडे टक लावून बघे, मग खालचा ओठ हळूहळू पुढे काढी, आणि मग असा सूर लावी की खालच्या मजल्यावरचं कुत्रं साथ द्यायचं. "दात येत असतील," तो पिल्वीला म्हणायचा. पण दात येऊन गेले, चांगले चार आले, तरी सूर तोच. यार्नो मोठा, दाढीवाला, मितभाषी माणूस. पण ती तशी रडायला लागली की त्याला आतून काहीतरी टोचायचं. रजा वाया जाऊ नये हे तर खरंच, पण या रजेत आपल्या लेकीने आपल्याला एकदा तरी बाप म्हणून मान्य करावं, एवढीच त्याची इच्छा होती.

ही इच्छा एका व्यक्तीला न सांगताच कळली होती, आणि नेमकी तिलाच ती कळायला नको होती. त्याच्या सासूबाई मार्केत्ता. जिल्ह्यातल्या बाळांच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर नोकरी केली. अर्ध्या जिल्ह्याची बाळं त्यांनी काट्यावर घातली होती, त्यामुळे मोठ्या माणसांकडेही त्या वजन करत असल्यासारख्याच बघत. पिल्वी निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"यार्नो, मी बॅग भरून दाराशी ठेवलीय."

"कुठे निघालात, सासूबाई?"

"कुठेच नाही. तू हाक मारलीस तर निघेन."

"मी हाक मारणार नाही."

"बरं. बॅग राहू देते तशीच."

सासूबाई आल्या की जात नाहीत, याचा यार्नोला अनुभव होता. मागे भिंतीला रंग द्यायला म्हणून चार दिवस आल्या होत्या, त्या पडदे बदलून, कपाटं लावून, यार्नोचे मासेमारीचे गळ तळघरात टाकून मगच परतल्या. आता आल्या तर ताइमी त्यांची होणार, रजा त्यांची होणार, आणि यार्नो स्वतःच्या घरात कॉफी करून देणारा माणूस म्हणून उरणार. काहीही झालं तरी हाक मारायची नाही, असं त्याने ठरवलं.

पहिलं विघ्न मात्र सासूबाईंकडून नव्हे, सरकारकडून आलं. रजा मंजूर झाल्याचं पत्र आलं, पण त्यात यार्नोचं अभिनंदन 'आई' म्हणून केलेलं होतं. त्याने फोन लावला. बराच वेळ तंतुवाद्य ऐकवल्यावर पलीकडून एक अत्यंत सभ्य बाई बोलल्या.

"हो, दिसतंय मला. या मुलीला दोन आया आहेत. एक पिल्वी आणि एक तुम्ही."

"मी बाप आहे."

"अच्छा. पण दोन आया असायला काहीच हरकत नाही हं. कायद्याने चालतं."

"कायद्याने चालेल हो. मला नाही चालत."

"तुम्हाला काही त्रास होणार नाही. रजा तेवढीच, पैसेही तेवढेच. फक्त आमंत्रणं वेगळी येतील."

"दुरुस्त करता येईल का?"

"नक्की येईल. विनंती रांगेत लावते. पाळी आली की आम्हीच फोन करू. तोवर तुम्ही बाप असल्याचं काही दाखवता आलं तर बघा."

"काय दाखवू?"

बाईंनी थोडा विचार केला. "तेही आम्ही फोन करू तेव्हा सांगू," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतकी आपुलकी होती की यार्नोला भांडायलाही जागा उरली नाही.

पिल्वी गेली. जाताना तिने ताइमीच्या थंडीच्या सुटाला, टोपीच्या टोकाला, लाल लोकरीचा गोंडा बांधला. "हा काढू नकोस," ती म्हणाली. "याच्यावरूनच ओळखायची तिला." याला कारण होतं. बाळ व्हायच्या आधी सरकार विचारतं, पैसे हवेत की पेटी? आणि जवळजवळ सगळेच पेटी घेतात, कारण त्यांच्या आयांनी घेतली होती, आणि त्यांच्याही आयांनी. पेटीत दुपटी, झबली, मोजे, थंडीचा सूट, सगळं असतं, आणि रिकामी झाली की बाळ त्या पेटीतच झोपतं. त्यामुळे एका वर्षी जन्मलेली देशभरातली बाळं एकाच कपड्यात फिरत असतात. त्या वर्षी सरकारने राखाडी सुटावर पिवळी अस्वलं छापली होती. औलूत थंडीच्या दिवसांत रस्त्यावर पाहिलं तर पिवळ्या अस्वलांची फौजच उतरल्यासारखी वाटे.

पिल्वीची पाठ वळली आणि शेजार जागा झाला. त्या इमारतीत शेजारी एकमेकांशी बोलत नसत. राग म्हणून नव्हे, आदर म्हणून. लिफ्टमध्ये दोघं भेटले तर दोघंही दाराकडे बघत. पण हातात मूल घेतलेला एकटा पुरुष दिसला की काय होतं कोण जाणे, साऱ्या देशाची जीभ सुटते. तळमजल्यावरच्या सिर्क्काबाईंनी अनेक वर्षांत यार्नोला "थंडी आहे" यापलीकडे काही ऐकवलं नव्हतं. त्या आता लिफ्टचं दार पायाने अडवून उभ्या राहिल्या.

"रडते का रे खूप?"

"दात येतायत."

"दात कसले? तिला तुझी दाढी टोचते. काढून टाक."

दाढी ही यार्नोने विशीपासून वाढवलेली एकमेव महत्त्वाकांक्षा होती. पण त्या संध्याकाळी त्याने आरशासमोर उभं राहून दाढीकडे बराच वेळ पाहिलं.

सिर्क्काबाईंचे यजमान ओइवा गुरुवारी भेटले, इमारतीच्या सॉनात, पुरुषांच्या पाळीला. ओइवा नेहमी सर्वांत वरच्या बाकावर बसत आणि तापलेल्या दगडांवर पाणी टाकण्यापलीकडे काही करत नसत. आज त्यांनी पाणी टाकलं, वाफ बसू दिली, आणि बोलले.

"आमच्या वेळी बाप म्हणजे पगार घेऊन येणारा पाहुणा होता, लेका."

"हं."

"माझी पोरं मला 'अहो' म्हणायची."

"मग?"

"मग काय? अजून म्हणतात." ओइवांनी पुन्हा पाणी टाकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. वाफेमुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता. यार्नोने दाढी ठेवायचं ठरवलं, पण तो ज्या हट्टाने रजेवर आला होता, तो हट्ट त्या दिवसापासून दुप्पट झाला.

यानंतरचे दिवस यार्नोने नकाशा खात्याच्या शिस्तीने काढले. सकाळी लापशी, मग बाल्कनीत गारव्याला झोप, मग फिरणं, मग लापशी. ताइमी रोज लापशी खाई आणि रोज रडे. एका सकाळी तिने ब्लूबेरीची लापशी, वाटीसकट, स्वतःच्या अंगावर ओढली. बाहेर जायच्या तयारीत सूट अंगात होता, त्यामुळे पिवळी अस्वलं जांभळी झाली. यार्नोने सूट धुवायला काढला. लेबल वाचणं हा त्याचा स्वभाव. लेबलावर कोमट पाणी लिहिलेलं होतं, आणि पिल्वीच्या लोकरीला कोमट पाणी चालेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. म्हणून त्याने लाल गोंडा सोडवला, जपून स्वयंपाकघराच्या खणात ठेवला, आणि सूट वाळल्यावर परत बांधायचा असं मनाशी पक्कं केलं. अशा पक्क्या केलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं, हे संसारी माणसाला सांगायला नको.

दुसऱ्याच दिवशी आमंत्रण आलं. 'बाळंतपणानंतर आईची तब्येत', कुटुंब केंद्रात व्यायामाचा वर्ग, बाळासह यावे, आपली जागा राखून ठेवली आहे. यार्नोने ते दोनदा वाचलं आणि लाल झाला. मग शेवटची ओळ त्याच्या डोक्यात घोळायला लागली. जागा राखून ठेवली आहे. म्हणजे तो गेला नाही तर ती रिकामी राहणार. शिकवणाऱ्या बाईचा पगार, खोलीची ऊब, चटई, सगळं एका माणसामागे फुकट जाणार. शिवाय सरकारने बोलावलं आणि माणूस गेलाच नाही, असं त्याच्या घराण्यात कुणी केलेलं नव्हतं. त्याचे आजोबा तर चुकून आलेल्या साक्षीच्या समन्सवरही कोर्टात जाऊन बसले होते, आणि प्रकरण ऐकून परत आले होते.

यार्नो गेला.

कुटुंब केंद्राच्या अंगणात भिंतीला लागून बाबागाड्यांची रांग होती. बाळं बाहेर थंडीत झोपणार, आया आत व्यायाम करणार, आणि एक आजी खिडकीत बसून लक्ष ठेवणार, ही तिथली रीत. ताइमी येता येता झोपली होती. यार्नोने गाडी लावली. आता बाबागाड्यांचं असं की ग्राहकांच्या मासिकाने चाचणी घेऊन एका काळ्या गाडीला पहिला नंबर दिला होता, आणि ज्या देशात माणसं पटकन कुणावर विश्वास ठेवत नाहीत, तिथे मासिकावर मात्र डोळे झाकून ठेवतात. सगळ्या गाड्या तीच काळी. यार्नोने हसून मान हलवली. त्याला काय, तो नकाशावाला! भिंतीच्या कोपऱ्यापासून तिसरी, बर्च झाडाच्या समोर, असं त्याने मनात टिपलं आणि आत गेला.

आत काय झालं ते थोडक्यात सांगितलेलंच बरं. सगळ्या बायकांनी त्याला पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं, हा तिथला सर्वांत मोठा शिष्टाचार. शिकवणारी बाई तरुण आणि उत्साही होती. "पोटाच्या तळाशी एक लिफ्ट आहे अशी कल्पना करा," ती म्हणाली. "आता ती सावकाश पहिल्या मजल्यावर न्या. दुसऱ्या मजल्यावर न्या. तिथेच धरा." यार्नोच्या इमारतीत लिफ्ट होती, पण शरीरात तिची जागा त्याला सापडेना. त्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. तोंड लाल झालं, कपाळावर घाम आला. "तुमची लिफ्ट छान जातेय," बाई त्याच्या कानाशी म्हणाली. शेजारच्या चटईवर व्हेन्ला नावाची बाई होती. तिला हसू आवरेना, म्हणून तिने तोंड चटईत खुपसलं.

याच वेळी अंगणात बर्फ काढायचा ट्रॅक्टर आला. खिडकीतल्या आजी बाहेर गेल्या, त्यांनी एकेक करून सगळ्या गाड्या बाजूला सारल्या, ट्रॅक्टर गेल्यावर एकेक करून परत लावल्या. अत्यंत काळजीपूर्वक लावल्या, एकही बाळ जागं झालं नाही. फक्त क्रम तो राहिला नाही.

यार्नो बाहेर आला. कोपऱ्यापासून तिसरी, बर्चसमोर. वाकून बघितलं. कानटोपी, त्यावर सुटाची टोपी, हनुवटीपर्यंत मफलर, वर दुलई, आणि मध्ये एक झोपलेलं लाल नाक. नऊ महिन्यांची नाकं म्हणजे नाकं कसली, नाकाचा मसुदाच तो. शिवाय झोपलेल्या बाळाला हात लावायचा नाही, हे त्या देशात लहान मुलालाही माहीत असतं. नकाशा बरोबर आहे म्हटल्यावर जमीन कोण तपासतं? यार्नोने गाडी ढकलली.

निम्म्या वाटेत बाळ जागं झालं. यार्नोने मनाची तयारी केली, ओठ बाहेर यायची वाट बघितली. ओठ आला नाही. बाळाने त्याच्याकडे पाहिलं आणि ते चक्क हसलं.

यार्नो रस्त्यात थांबला. त्याने जीभ काढून दाखवली. बाळ खदखदून हसलं. त्याला डोळे जरा मोठे वाटले, पण प्रेमाने बघितलं की डोळे मोठे दिसतातच, असं त्याने स्वतःला समजावलं. उरलेला रस्ता त्याने जीभ काढतच पार केला. लिफ्टपाशी सिर्क्काबाई उभ्या होत्या. त्यांनी आत डोकावून बघितलं आणि दोन्ही हात गालांवर नेले.

"अगंबाई, हसतेय की! काय केलंस रे?"

"काही नाही," यार्नो म्हणाला. "सवय झाली असेल माझी."

घरात येताच त्याने कोट काढायच्या आधी पिल्वीला निरोप बोलून पाठवला, जो त्याच्या आयुष्यातला सर्वांत लांब निरोप होता: "पिल्वी, ती हसली. माझ्याकडे बघून. बहुतेक तिला मी आवडायला लागलोय." मग त्याने बाळाचा सूट काढला, मफलर काढला, आणि लंगोट ओला झाला होता म्हणून तोही काढला.

ज्या गोष्टीबद्दल नकाशा खात्यातल्या माणसालाही शंका राहू शकत नाही, अशी एक गोष्ट तिथे होती. तो मुलगा होता. आणि उरलीसुरली शंका फेडण्यासाठी त्या मुलाने यार्नोच्या छातीवर एक सरळ, लांब धार सोडली.

आपली लेक कुठे आहे? कुणाच्या गाडीत? जागी झाली असेल का? त्याने फोन काढला. कुटुंब केंद्राचा फोन कुणी उचलेना. अंगठा आपोआप सासूबाईंच्या नावावर गेला. त्या आल्या असत्या तर सगळं निस्तरलं असतं, यात शंका नव्हती. पण काय सांगणार? नात हरवलीय, बदल्यात हा मिळालाय? त्याने फोन खिशात कोंबला. मुलाला पुन्हा सुटात भरणं हा एक वेगळाच लढा होता, कारण मुलाला ती गंमत वाटत होती आणि तो हसून हसून पाय झाडत होता. मघाशी त्या हसण्याने जीव भरून आला होता. आता ते बघवेना. एवढं गोड हसू, आणि ते आपल्यासाठी नव्हतंच, याचं दुःख करायलाही त्याला सवड नव्हती.

तो धावत सुटला. कोट उघडा, टोपी घरी, पुढे गाडी, छातीवर गोठत चाललेला ओला पट्टा. सिर्क्काबाईंनी खिडकीतून पाहिलं. "अरे, काय झालं?" त्या ओरडल्या. यार्नोने मागे वळूनही पाहिलं नाही.

केंद्राच्या कोपऱ्यावर येण्याआधीच त्याला ऐकू आलं. कुठल्याही आईला विचारा, नवख्याला सगळी रडणी सारखी वाटतात. पण हे रडणं यार्नो ओळखत होता. सुरुवातीला खालून येणारं, मग चढत जाणारं, आणि अगदी टोकाला गेल्यावर श्वास घ्यायला थांबून तिथूनच पुन्हा सुरू होणारं. इतके दिवस ते ऐकून त्याचं काळीज कुरतडलं होतं. आज ते ऐकून त्याच्या जिवात जीव आला.

अंगणात व्हेन्ला फेऱ्या घालत होती. कडेवर एक राखाडी सूट, पिवळी अस्वलं, लालबुंद तोंड. तीही अर्ध्या वाटेवरून परत आली होती. दोघं समोरासमोर उभे राहिले. असल्या प्रसंगी काय बोलायचं, हे त्या देशात कुणालाच शिकवलेलं नसतं.

"बहुतेक..." यार्नो म्हणाला.

"हो," व्हेन्ला म्हणाली. "बहुतेक."

"हा खूप हसतो."

"हो. सगळ्यांकडे बघून हसतो." ती जरा थांबली. "ही... हसत नाही."

"नाही. ही हसत नाही," यार्नोने कबूल केलं.

तेवढ्यात ताइमीने त्याला पाहिलं. रडणं थांबलं नाही, उलट वाढलं. पण तिने व्हेन्लाच्या खांद्यावरून अख्खं अंग बाहेर झोकून दिलं आणि सुटाच्या बाहीतले दोन्ही आखूड हात यार्नोकडे लांबवले. रडणं तेच होतं. पण आजवर ते त्याच्यापासून दूर पळायचं, आज ते त्याच्याकडे धावत होतं. यार्नोने तिला घेतलं. तिने दाढी मुठीत धरली, तोंड दाढीत खुपसलं, एक मोठा हुंदका दिला, आणि गप्प झाली. यार्नो अंगणाच्या मधोमध उभा राहून रडला. व्हेन्लाने शिष्टाचार म्हणून बर्च झाडाकडे पाहिलं.

आता एक तपशील यार्नोला ठाऊक नव्हता. सिर्क्काबाई आणि सासूबाई एका शाळेत होत्या. दुपारची कॉफी व्हायच्या आत दारावर थाप पडली. दारात मार्केत्ता, आणि हातात ती बॅग.

"मी हाक मारली नव्हती," यार्नो म्हणाला.

"नाही. सिर्क्काने मारली. जावई उघड्या डोक्याने गाडी घेऊन पळतोय, म्हणाली." त्यांनी बॅग खाली ठेवली, चष्मा लावला, आणि त्याच्या शर्टाकडे बघितलं. शर्ट बदलायचा राहून गेला होता. त्यांची नजर पट्ट्याच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सावकाश गेली.

"यार्नो."

"काय?"

"ही धार मुलीची नाही."

जन्मभर बाळांच्या दवाखान्यात काढलेल्या बाईपुढे काय लपणार? त्याने सगळं सांगितलं. लिफ्टचा व्यायाम तेवढा गाळला. सासूबाई ऐकत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची एकही रेषा हलत नव्हती. शेवटी त्या म्हणाल्या, "दे तिला इकडे. तू कॉफी कर."

इथून सुरुवात होते, हे यार्नोला माहीत होतं. आधी कॉफी, मग पडदे. त्याने ताइमीला त्यांच्या हातात दिलं आणि मान खाली घालून स्वयंपाकघरात गेला. तो दिसेनासा झाला मात्र, ताइमीने सूर लावला.

"भूक लागलीय तिला," सासूबाई बाहेरून म्हणाल्या.

तो बाहेर आला. सूर बंद.

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "जरा पुन्हा आत जा बघू."

तो गेला. सूर सुरू.

"ये."

बंद.

"दाराआड नुसता लप."

याच वेळी फोन वाजला. यार्नो दाराआड होता, ताइमी आकाश पाताळ एक करत होती, म्हणून फोन सासूबाईंनी घेतला आणि आवाज मोठा केला. पलीकडे त्या सभ्य सरकारी बाई होत्या.

"नमस्कार. दुसऱ्या आईच्या दुरुस्तीबद्दल फोन केलाय. आमच्या रांगेत आता त्यांची पाळी आलीय. यार्नो हे मुलीचे बाप आहेत, हे सांगू शकेल असं कुणी आहे का?"

"मी आहे. मी त्याची सासू."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. सासूने साक्ष द्यावी, हे त्यांच्या नियमात बसतं की नाही, हे बहुधा त्या तपासत असाव्यात.

"तुमचं म्हणणं काय आहे?"

सासूबाईंनी फोन ताइमीच्या तोंडाजवळ नेला. "हे ऐकू येतंय का तुम्हाला? तो दाराआड उभा आहे म्हणून हे चाललंय. यार्नो, ये बाहेर." यार्नो आला. खोलीत शांतता झाली. ताइमी हात पुढे करून त्याच्याकडे झेपावली, आणि सासूबाईंनी स्वतःच्या हाताने नातीला त्याच्या कडेवर दिलं. "आता ऐका. काही ऐकू येतंय?"

"नाही."

"मी आयुष्यभर बाळं बघितली, बाई. आजी समोर असताना जी पोरगी ज्याच्यासाठी रडते, तो बापच असतो. लिहून घ्या."

टकटक आवाज झाला. बाईंनी लिहून घेतलं होतं.

सासूबाईंनी कॉफी उभ्यानेच घेतली, सोबत आणलेला दालचिनीचा पाव टेबलावर ठेवला आणि बॅग उचलली. "परतीची बस मिळेल अजून," त्या म्हणाल्या. पडद्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं, पण काही बोलल्या नाहीत. दारात वळून मात्र म्हणाल्या, "आणि तो गोंडा बांध आधी."

यार्नोने खणातून लाल गोंडा काढला. ताइमी त्याच्या खांद्यावर बसून त्याचा कान ओढत होती. फोन अजून चालूच होता, हे त्याला बाईंच्या खाकरण्यावरून कळलं.

"एकच राहिलं, यार्नो. आईसाठीच्या व्यायामाच्या वर्गात तुमचं नाव आहे. आता तुम्ही बाप झालात, तर ते कमी करू का? जागा मात्र रिकामी जाईल."

यार्नोने त्या रिकाम्या चटईचा, ऊब दिलेल्या खोलीचा, त्या उत्साही तरुण बाईच्या पगाराचा विचार केला. मग व्हेन्लाच्या हसऱ्या पोराची आठवण झाली.

"राहू द्या," तो म्हणाला. "वाया कशाला घालवायची?"